एक माणूस पाणी

सुदाम,

परवा तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, मंडपवाल्यानं बांबू उपसून नेले, तुझी लेक डोळे पुसत सासरी गेली, अन् मी तुझ्या ओट्यावर एकटाच बसून राहिलो. कुसुमवहिनी आतून म्हणल्या, "भावजी, घरी जा आता." जातो म्हणलं, अन् गेलो न्हाई. एवढी वर्सं संध्याकाळी तुझी वाट बघितली, ती सवय अशी एका दिवसात जाते व्हय? केजच्या यष्टीतून तू उतरायचास, पिशवी ओट्यावर आदळायचास, अन् पाणीसुद्धा न पिता सुरू व्हायचास. "हणमंता, ऐक." ऐकलं की बे जलमभर. आता कोण सांगणार हाय ते बोल.

तू कसा गेलास ते मी लिहीत न्हाई. ते सांगायला गाव बसलंय. पारावरच्या प्रत्येकाला तुझ्या काळजाचं डाक्टरपेक्षा जास्त कळायलंय. मला एवढंच ठाव हाय की जीपमधी तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, मांजरसुंब्याचा चौक अजून यायचा होता, अन् मी तुला शिव्या घालत होतो. "सुदाम्या, झोपू नको बे, बीड आलं." बीड कुठं आलतं! तुझ्याशी शेवटचं बोललो ते बी खोटंच. तू ऐकलंस का न्हाई, ते बी कळलं न्हाई. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं अन् गाडी हळू केली, तवा मला समजलं.

शाळेत तू पोरायला सगळा इतिहास शिकवलास, पण तुझा जीव एकाच सालात. इसवी सन नऊ. कुण्या जुन्या पुस्तकात तू वाचलतंस की त्या एका सालात तिकडं रोममधी अन् इकडं चीनमधी दोन गोष्टी झाल्या, अन् ह्याला त्याचा पत्ता न्हाई, त्याला ह्याचा न्हाई. मला पयल्यांदा सांगितलंस तवा आपण भरल्या यष्टीत दांडीला लटकून येत होतो. तू सांगता सांगता एवढा रंगलास की आपला फाटा मागं गेला, अन् दोघं उन्हात उलटं चालत आलो. मी चिडलतो. तू चालतानाबी सांगतच होतास.

रोमचा बादशहा म्हातारा झालता. त्याच्या तीन पलटणी परमुलखातल्या जंगलात शिरल्या. ज्याच्यावर भरवसा ठेवला तोच उलटला, अन् पलटणी तिथंच संपल्या. माघारी आले ते थोडकेच. बातमी आली तसा त्यो म्हातारा दाढी करंना, केस कापंना. दारावर डोकं आपटायचा अन् त्या पलटणीयच्या मेलेल्या सरदाराला म्हणायचा, माझ्या पलटणी दे माघारी. अन् त्या पलटणीयचे जे नंबर होते, ते रोमनं परत कुठल्याच पलटणीला दिले न्हाईत. कोरे ठेवले.

अन् त्याच साली चीनमधी एका वजिरानं लहानग्या राजाला बाजूला सारलं अन् स्वतः गादीवर बसला. हुकूम काढला त्यानं. आजपासून जमीन राज्याची, कुणी विकायची न्हाई, कुणी घ्यायची न्हाई. ज्याच्या घरात माणसं कमी अन् जमीन जास्त, त्यानं जास्तीची भाऊबंदाला, शेजाऱ्याला द्यायची. माणसं मोजून जमीन.

मी नावं इचारली तर तू सांगितली न्हाईस. "नावं घेतली की लोकं उठून जातात हणमंता. म्हातारा अन् वजीर म्हणलं की बसतात." झालं. तवापासून तू वजिराच्या बाजूचा अन् मी म्हाताऱ्याच्या. दहावीला गचकलेला माणूस मी, मला केजच्या पल्याडचं काय ठाव? पण तू मला दोन राज्यं आणून दिलीस, अन् वर एका बादशहाचा वकील केलंस. दुसऱ्या कुणी मला एवढं मोठं काम दिलं न्हाई. हे तुला तोंडावर कधी म्हणलो न्हाई. म्हणलं असतं तर तू चिडवून जीव घेतला असतास.

तुझी खरी शाळा भरली ती छावणीत. त्या दुष्काळात आपण जनावरं घेऊन कारखान्याच्या छावणीत जाऊन राहिलतो. दुपारी चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्याचा ट्रक यायची वाट बघत सगळी माणसं ताडपत्रीखाली पडलेली असायची. उठायला कुणाच्या अंगात बळ नसायचं. तू सकाळची शाळा सुटली की तसाच तिकडं यायचास अन् मधोमध मांडी घालून इसवी सन नऊ लावायचास. बायाबी पदरानं वारा घेत ऐकायच्या. गावातला सगळ्यात मोठा जमीनदार आपला बप्पा, तो बी ऐकायचा, डोळे मिटून. एकदा त्यानं डोळे न उघडताच इचारलं, "मास्तर, तवा तिकडं बी दुष्काळ होता का?"

"न्हाई बप्पा. तिकडं पाऊस होता. त्या जंगलात नुसता धो धो पाऊस. ढाली भिजून जड झाल्या, पाय घसरायले, धनुष्याच्या दोऱ्या ढिल्या पडल्या. अर्धं त्या पावसानंच मारलं त्यायला."

मंग बप्पा म्हणला, "पावसानं मेले? भाग्याचे होते."

तू आधी हसलास अन् मंग तुझ्या डोळ्यात पाणी आलं, ते मी बघितलं. त्याच दिवशी वाढं आणायला जाताना तू म्हणलास, आता गोष्टी पुरे, आपण काय तरी करू.

मंग ती पाझर तलावाखालची विहीर. सगळ्यायनी मिळून खांदायची अन् सोसायटी करायची, इथपर्यंत सगळे राजी. पण पाणी वाटायचं कसं, ह्यावर समदं अडलं. बप्पाचं म्हणणं, जमिनीवर वाटा. तू म्हणलास, न्हाई. माणशी वाटा. घरात जेवढी माणसं तेवढं पाणी. म्हातारं माणूस बी माणूस, तान्हं बी माणूस, पोरगी बी माणूसच. मोटार चालू झाली की एकेका माणसाच्या नावानं ठरलेला वेळ त्या घराच्या पाइपाचा वॉल उघडा ठेवायचा, त्याचं नाव एक माणूस पाणी. जलमलं की वाढवायचं, मेलं की कमी करायचं. लेक सासरी गेली की तिचं पाणी इथं बंद, सून आली की सुरू.

बप्पा उठून उभा राहिला. "अन् त्या तुझ्या वजिराचं पुढं काय झालं रे मास्तर?"

तू हातातले कागद चाळायला लागलास. मला ठाव होतं, यष्टीत तूच सांगितलतंस. अन् मी मूर्खासारखं बोलून गेलो. "हुकूम दोन-चार वर्सात माघारी घ्यावा लागला, अन् शेवटाला लोकायनी त्याचं मुंडकं उडवलं." सगळी सभा हसायली. तू माझ्याकडं असं बघितलंस की मला धरणीनं पोटात घ्यावं वाटलं. नंतर तू कितीतरी दिवस माझ्या ओट्याकडं फिरकला न्हाईस. मीच आलो शेवटी, चहाला. तू म्हणलास, "वजीर कावून हारला, सांग बे." मी म्हणलं, मला काय ठाव. "त्यानं हुकूम वरून दिला. एका बी माणसाला इचारलं न्हाई. आपण इचारू."

अन् इचारत फिरलास की तू दारोदार! बप्पाच्या घरी गेलास तवा मी संगंच होतो. तू वाद घातलाच न्हाईस. नुसतं त्याच्या अंगणात खेळणाऱ्या नातींकडं बोट केलंस अन् मोजायला लागलास. बप्पाला चार नाती. नातू पाहिजे म्हणून देवाला कौल लावून थकलेला माणूस तो. "बप्पा, चार माणसं जास्त तुझ्याकडं. ह्या पोरीयचंच पाणी गावात सगळ्यायपेक्षा मोठं होतंय बघ." बप्पानं त्या पोरीयकडं असं बघितलं जसं काय आजच घरात आल्या. दुसऱ्या दिवशी सही करून गेला. बाहेर आल्यावर तू मला कोपरानं ढोसलंस, "वजिराला हे जमलं नसतं." एवढा हसलास की फेफरं आल्यावाणी. मी बी हसलो. लई दिवसायनी दोघं हसलो तवा.

तू चेअरमन, अन् मला तू वॉलवर बसवलंस. चेंबरमधी सगळ्या घरायचे वॉल, अन् उघडबंद माझ्या हातात. दहावी नापास, पण अख्ख्या गावाचं पाणी माझ्या हातात. तुझाच भरवसा. कुणी म्हणलं, त्याला कावून? तर तू म्हणलास, त्याच्या मनात एक असून तोंडात दुसरं राहूच शकत न्हाई.

आता खरं भांडण. ते तू मिटवायच्या आधीच गेलास, म्हणून मलाच दोन्ही बाजूनं बोलावं लागतंय.

तुझी आई गेली तवाची गोष्ट. ती आई तुझी जेवढी तेवढीच माझी. माझी आई मी लहान असतानाच गेली, तुझ्याच आईनं मला हातानं भरवलं. भाकरीवर तेल-तिखट घालून तिनं जेवढं दिलं तेवढं मला कुणी दिलं न्हाई. ती गेली, तेरावं झालं, अन् पाण्याच्या दुसऱ्याच पाळीला तू चेंबरवर आलास अन् म्हणलास, "आईचं पाणी कमी कर." माझा हातच उठंना. मी म्हणलं, "वर्षश्राद्ध होऊदे की बे. वर्सभर तर राहूदे तिचं नाव." तू म्हणलास, न्हाई. मी म्हणलं, रोमच्या म्हाताऱ्याला बघ, त्यानं मेलेल्यायचा नंबर जलमभर कुणाला दिला न्हाई, त्याला माया म्हणतात. तू म्हणलास, "त्याला माया म्हणत न्हाईत. नंबर कोरा ठेवून पलटण माघारी आली का? हणमंता, वर्सभर आईचं पाणी चालू ठेवलं तर ते जाईल कुणाच्या रानात? आईच्या न्हाई, माझ्या. मेलेल्याच्या नावावर जित्यानं प्यायचं, हे मला जमायचं न्हाई." अन् मला बाजूला सारून तूच वॉल फिरवलास.

मी म्हणलं, "तू माणूस न्हाईस. दगड हायस दगड."

खाली मान घालून बांधाबांधानं निघून गेलास. गावातबी तेच झालं, मास्तर दगडाच्या काळजाचा. मला वाटायचं तू एकदा तरी म्हणावंस, हणमंता, मला बी जड गेलं. तू म्हणला न्हाईस. मी इचारलं न्हाई. नंतर जवा जवा हा इषय निघाला तवा आपण रोम अन् चीनच्या आडून भांडलो. मी म्हातारा, तू वजीर. आईचं नाव दोघायनी बी घेतलं न्हाई.

अन् ह्या साली परत तसंच. पाऊस न्हाई, तलावात भेगा, विहिरीचा तळ दिसायला लागला. तू ठरवलंस, आता नवीन माणूस वाढवायचं न्हाई, एक कमी झाल्याबिगर. विहीर हाय तेवढीच, तिला ताणायची किती. पाइपाच्या पार शेवटाला मेंढरंवाल्या सोजरबाईचं घर. कोरडवाहू तुकडा, मेंढरं, अन् घरात खंडीभर माणसं. संक्रांतीच्या सुमाराला तिच्या सुनेला पोरगी झाली. सोजरबाई तुझ्याकडं आली, "मास्तर, नातीचं पाणी?"

"सोजरबाई, हाय ते सगळं वाटून झालंय. एक माणूस कमी झालं की पयलं पाणी तुझ्या नातीचं."

ती गेल्यावर मी तुला म्हणलं, "कुणाच्या मरणावर टांगलंस बे ते लेकरू?" तू हसलास. "बप्पा किती टिकंल, काय वाटतं तुला?" मी बी हसलो. रात्री जेवताना आठवून परत हसलो.

बप्पा टिकला, सुदाम. बप्पा तुझ्या तेराव्याला काठी टेकत आला अन् पंगतीत बसून नुसता रडला. घास बी उचलला न्हाई त्यानं.

तू गेल्यावर आमी काय केलं ते आता सांगतो. ऐकून तू शिव्या देशील, देऊन घे. आपल्याकडं सुतकातल्या घराचं कुणी रानात जात न्हाई, त्यायचं दारं धरून पिकाला पाणी शेजारीच देतात, ही जुनीच रीत. पण कुणी धरायचं हे दर वेळी तू ठरवायचास. तूच गेलास तर ठरवणार कोण? मी मनाशी म्हणलं, आपला दोस्त, आपणच धरू. माझ्या घरच्या पाण्यातलं चेंबरवरूनच सोडलं तुझ्या मोसंबीला. कुणाला सांगितलं न्हाई. असं काम सांगून करत्यात व्हय?

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, वहिनी म्हणल्या रानात चक्कर मारू. गेलो. बांधावर पाय ठेवला अन् पाय घोट्यापर्यंत आत. म्हणलं हे काय! सगळ्या आळ्यात पाणी तुंबलेलं. झाडं अशी उभी जशी तळ्यात. सगळ्या शिवारात धूळ उडायलीय अन् तुझ्या रानात बेडूक ओरडायलेत, सुदाम. दुष्काळात बेडूक! पानं पिवळी पडायला लागलेली, एका खोडाला डिंक सुटलेला. मोसंबीला पाणी साचलेलं चालत न्हाई, हे गावातल्या शेंबड्या पोराला बी ठाव हाय.

मी बप्पाकडं गेलो. म्हणलं, बप्पा, तुमी सोडलं का पाणी? म्हातारा खाली बघायला लागला. "नातींचं सोडलं. दोनदा." वाण्याकडं गेलो, त्यानं बी सोडलेलं. पिठाच्या गिरणीवाल्यानं बी. ज्याच्या त्याच्या दारात गेलो, ज्यानं त्यानं सोडलेलं. मी घरी गेलो की जो तो गुपचूप चेंबरवर जायचा, आपलं पाणी आपल्या रानाला न देता तुझ्या झाडायला द्यायचा, अन् कुणाला न सांगता घरी यायचा. अख्ख्या गावाला एकच गोष्ट सुचली. मी रस्त्यात उभा राहून हसायलो, अन् हसता हसता मला हुंदका आला. गिरणीवाल्यानं मला धरून खाली बसवलं. तू असतास तर सगळ्यायला ओळीत उभं करून झापलं असतंस. पण बघ की, केवढा जीव होता लोकायचा तुझ्यावर. तुला दगड म्हणणारे हेच लोक.

पण एवढं पाणी आलं कुठून? मायेपोटी ज्यानं त्यानं ठरल्यापेक्षा जास्तच वेळ मोटार चालवलेली. विहिरीत मोटार हवा ओढायली. अन् शेवटाला सोजरबाईच्या पाइपाला थेंब आला न्हाई. एवढे दिवस न्हाई. ती बाई डोक्यावर हंडे घेऊन फाट्यावरच्या टँकरला जायची, मेंढरं दुसऱ्या गावच्या शिवारात नेली त्यायनी. तान्ह्या पोरीला घेऊन सून माहेरी गेली. मी इचारलं, "सोजरबाई, बोलली कावून न्हाईस?" ती म्हणली, "दुःखाचं घर हाय भाऊ. कसं बोलावं."

आज सकाळी लाईट दिवसाची होती. मी चेंबरवर बसलतो. ठरवून टाकलतं मनाशी, की लोकायला ओरडायचं, जो तो आपलं पाणी आपल्या रानाला देईल. पण तुझं एक माणूस पाणी तुझ्या झाडायला चालू ठेवायचं. वर्षश्राद्धापर्यंत. तुझ्याशी भांडण जिंकायचं होतं म्हणून न्हाई रे. ते बंद करायचं म्हणजे माझ्याच्यानं होणार नव्हतं.

कुसुमवहिनी आल्या. डोक्यावर पदर, हातात बांगडी न्हाई, बघवलं न्हाई मला. म्हणल्या, "भावजी, ह्यांचं माणूस कमी करा."

मी म्हणलं, "वहिनी, वर्सभर राहूदे. झाडायला तर लागंल. एका माणसाच्या पाण्यावर एवढी मोसंबी जगायची न्हाई."

"अर्धी जातील. जाऊ द्या."

"वहिनी, तुमी बी दगड झालात का त्याच्यासारख्या?"

हे तोंडातून गेलं अन् मला वाटलं जीभ तोडावी. त्या चिडल्या न्हाईत. चेंबरच्या कट्ट्यावर बसल्या. म्हणल्या, "आईचं पाणी बंद करून आले त्या दिवशी घरात पाऊल ठेवलं अन् देवळीपाशी बसले. दोन दिवस अन्नाला शिवले न्हाईत. मी म्हणलं, एवढं जड जातंय तर हणमंतभावजीचं ऐकायचं होतं. तर म्हणले, त्यानं दगड म्हणून ऐकवलं, तवा तर मला रडता आलं."

सुदाम, हे तू मला सांगायला पाहिजे होतंस की बे. मी काय परका होतो? दोघायनी एकत्र रडलो असतो ना आईसाठी. तू तिकडं एकटा, मी इकडं एकटा, अन् मधी ते रोम अन् चीन. मला तुझा लई राग आलाय. अन् माझा तुझ्यावर लई जीव होता. हे बी आता कट्ट्यावर बसून म्हणावं लागतंय, तुझ्या तोंडावर न्हाई.

वहिनी म्हणल्या, "अन् भावजी, वर्सभर ह्यांचं पाणी मी पिऊ? लोकं म्हणतील, बिचारीला दिलं. मला बिचारी करू नका. माझं एक माणूस पाणी माझं हाय. ते ह्यांनी दिलं न्हाई, तुमी दिलं न्हाई, मी जिती हाय म्हणून हाय. उद्या माझा दीर आला अन् म्हणला, जमीन भावाची, तवा पाणी बी माझं, तर मी काय दाखवू त्याला? हाच नेम. आज मायेनं तुमी तो मोडला तर उद्या कुणीबी मला मोडंल."

त्या उठल्या, पदर सावरला अन् म्हणल्या, "सोजरबाईच्या नातीचं पाणी सुरू करा. सुनेला माहेरून बोलवा म्हणावं." अन् न थांबता निघून गेल्या. मागं वळून बघितलं न्हाई त्यायनी. मी मात्र त्या पार घरात जाईपर्यंत बघत राहिलो.

मंग मोटार लागली. आधी बप्पाचं घर, मंग वाण्याचं, मंग तुझं. तुझ्या घरचा वॉल उघडला. वहिनीचं पाणी झालं. तुझं सुरू व्हायची वेळ आली अन् माझा हात वॉलवर तसाच. उन्हानं लोखंड तापलेलं, हात पोळत होता, पण उचलवंना. मला वाटलं तू मागून येशील अन् मला बाजूला सारशील. मी खरंच मागं बघितलं. बांध मोकळा होता.

फिरवला वॉल. एक आटा, दोन आटे, मंग जड लागला, अन् मंग पार घट्ट. तुझ्याकडचा पाइप फुस्स करून गप झाला. सोजरबाईचा उघडला. बराच वेळ काहीच न्हाई, पाइप लई दिवसाचा कोरडा. मंग पार शेवटाकडून तिची हाक आली, "आलं गं बाई, आलं!" तिकडं माणसं पळायली, कुणी तरी घागर आपटली, मेंढरं ओरडायली.

अन् मी कट्ट्यावर बसून ढसाढसा रडलो, सुदाम. एवढे दिवस सगळं गाव म्हणायचं, मास्तर गेला, मास्तर गेला. मी हो हो म्हणायचो. जीपमधी तुझं डोकं मांडीवर घेऊन बी मला पटलं नव्हतं, तुझ्या सरणापाशी उभं राहून बी न्हाई. तुझं पाणी चालू होतं ना. ते आज मी बंद केलं. माझ्या ह्या हातानं बंद केलं.

आज गेलास तू.